साब्राझ

फेसाळ मद्याची, विशेषतः शॅम्पेनची, बाटली तलवारीच्या पात्याने उघडण्याची फ्रेंच पद्धत. ‘साब्र’ म्हणजे घोडेस्वाराची वक्र तलवार. त्यावरून हे नाव पडले. यात बूच ओढले जात नाही आणि काच कापलीही जात नाही. गळ्याची कड बुचासकट उडते.

पद्धतीचा उगम नेपोलियनच्या हुसार घोडदळाशी जोडतात. लगाम धरलेल्या स्वाराला खोगिरावरून बूच काढणे अवघड, म्हणून तो तलवारच चालवी, असे सांगितले जाते. दुसरी कथा रँस येथील मद्यव्यावसायिक बार्ब-निकोल क्लिको (१७७७–१८६६) यांची. १८०५ मध्ये पतिनिधनानंतर त्यांनी व्यवसाय सांभाळला. त्यांच्याकडे पाहुणचार घेतलेले तरुण अधिकारी छाप पाडण्यासाठी निघताना बाटल्या छाटीत, अशी आख्यायिका आहे. दोन्ही कथा उत्तरकालीन वाटतात. त्यांतल्या त्यात पहिली अधिक संभाव्य. मात्र आजचे तंत्र जसेच्या तसे त्या काळावर लादता येणार नाही. आज पाते काचेच्या उभ्या शिवणीवरून (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची उमटलेली रेघ) सरकवतात. ओठापर्यंत पोचणारी शिवण ही यंत्रनिर्मित बाटलीची खूण असून असे स्वयंचलित यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३ च्या सुमारास सिद्ध केले. हुसारांच्या हाती फुंकून घडवलेली, बूच सुतळीने बांधलेली बाटली असणार. बुचावरील तारेच्या जाळीचे पेटंटही आदोल्फ जाकसाँ यांनी १८४४ मध्ये घेतले. तेव्हा घाव बसत असेल तो सुतळी अडकवण्याच्या जाड कड्यावर.

बाटलीतील दाब पाच ते सहा वातावरणांइतका असल्याने बुचावर आतून दहा-पंधरा किलोंचा भार येतो. शिवण व कड जिथे मिळतात तिथे ताण एकवटतो. पात्याची बोथट बाजू गळ्यालगत सपाट ठेवून सरळ पुढे सरकवली की ती कडेवर आदळते, तडा क्षणार्धात गळ्याभोवती फिरतो आणि उरलेले काम दाब करतो. धार लागतच नाही. उडालेल्या तुकड्यात बूच काचेच्या कड्यात घट्ट बसलेले दिसते. दाब बाहेरच्या दिशेने असल्याने कपच्या सहसा आत पडत नाहीत. तरी पहिला पेला उजेडात धरून पाहावा. बाटली, निदान गळा, चांगला गार हवा. कोमट बाटलीत दाब वाढतो व ती हातातच फुटू शकते. समोर कोणी नसावे. साध्या, बिनफेसाच्या वाइनला दाबच नसल्याने तिथे ही रीत निरुपयोगी.

जुन्या पोर्ट या पोर्तुगीज मद्याचे बूच ओढताना भुगा होते, म्हणून तिथे वेगळी युक्ती आहे : लालबुंद तापवलेला चिमटा बुचाखाली गळ्याभोवती धरतात आणि काढल्यावर तिथेच ओले फडके फिरवतात. गळा गोल तडकून वेगळा होतो.

साब्राझच्या जतनासाठी १९८६ मध्ये फ्रान्समध्ये ‘काँफ्रेरी द्यु साब्र दॉर’ (सुवर्ण तलवारीचा संघ) स्थापन झाला.