चोथ्यापासून लेपापर्यंत : चहाच्या घरगुती सौंदर्योपचारांची पार्श्वभूमी

डोळ्यांवर चहाच्या थंड पिशव्या ठेवणे, कोऱ्या चहाच्या पाण्याने केस धुणे, हिरव्या चहाची पूड लेपात कालवणे हे उपचार बहुधा 'हजारो वर्षांच्या परंपरे'च्या नावाने सांगितले जातात. चहा पिण्याची सवय प्राचीन आहे, यात शंका नाही. मात्र रूप खुलवण्यासाठी चहा अंगाला लावण्याचा माग काढू लागले की तो राजवाड्यांत फारसा सापडत नाही. तो सापडतो स्वयंपाकघरातल्या चोथ्यात.

चीनमध्ये 8व्या शतकात लू यू याने लिहिलेल्या 'चा चिंग' या चहाविषयक ग्रंथात चहाच्या बाह्य वापराचा एक जुना उतारा आला आहे. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या व्रणासाठी कडू चहा आणि गोम समभाग घेऊन खमंग भाजावी, कुटून चाळावी आणि ज्येष्ठमधाच्या काढ्याने धुतलेल्या व्रणावर ती पूड लावावी, असे तिथे सांगितले आहे. हा उपचार जखमेचा आहे, कांतीचा नव्हे. जपानमध्ये एइसाई या भिक्षूने 1211 मध्ये चहाचे आरोग्यदायी गुण वर्णिले, तेही प्रामुख्याने पेय म्हणूनच.

युरोपात 17व्या शतकात पोहोचलेला चहा इतका महाग होता की श्रीमंत घरांतही तो कुलूपबंद पेटीत ठेवला जाई. अशी वस्तू कोणी केसांवर ओतणार नव्हते. ब्रिटनमध्ये 1784 च्या कायद्याने चहावरील कर 119 टक्क्यांवरून 12.5 टक्क्यांवर आला, पुढे चहा सामान्य घरांत रुळला आणि उकळून झालेल्या पत्तीचे काय करायचे हा प्रश्न प्रथमच घरोघरी निर्माण झाला. ओलसर चोथा गालिच्यावर पसरून झाडले की धूळ उडत नाही, म्हणून तो झाडलोटीसाठी राखून ठेवला जाई. त्याच काटकसरीच्या वृत्तीतून चहा प्रसाधनातही आला, असे मला वाटते.

19व्या शतकातील घरगुती कृतींमध्ये पिकलेले केस काळे करण्याचा एक काढा आढळतो : हिरवा चहा आणि सेज नावाच्या वनस्पतीची पाने लोखंडी भांड्यात मंद आचेवर आटवायची आणि काढा त्याच भांड्यात मुरू द्यायचा. या कृतीत भांडेही औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. चहाला तुरटपणा देणाऱ्या टॅनिन नावाच्या द्रव्यांचा लोहाशी संयोग झाला की निळसर काळा रंग तयार होतो, आणि जुन्या काळी लिहिण्याची शाई याच तत्त्वावर बनत असे. कोरा चहा लोखंडी कढईत तासभर ठेवला तर तो शाईसारखा काळवंडलेला आजही पाहता येतो. ज्यांनी ही कृती रचली त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. निरीक्षण मात्र अचूक होते.

शास्त्रीय उलगडा हळूहळू होत गेला. 1827 मध्ये चहातून वेगळे केलेले द्रव्य कॉफीतील कॅफीनच असल्याचे 1838 मध्ये स्पष्ट झाले. टॅनिने प्रथिनांशी बांधली जातात आणि त्वचेचा वरचा थर आवळून घेतात. चहाने चेहरा धुतल्यावर जाणवणारा ताण तो हाच. या गुणावर एकेकाळी मोठी भिस्त ठेवली गेली. अमेरिकेत एडवर्ड डेव्हिडसन यांनी 1925 मध्ये भाजलेल्या जखमांवर टॅनिक आम्लाचा उपचार मांडला, तो झपाट्याने पसरला आणि ते आम्ल हाताशी नसल्यास कडक चहा वापरावा असेही सांगितले जाऊ लागले. पुढे त्या आम्लाचा यकृताला अपाय होतो असे दिसून आले आणि 1940 च्या दशकात हा उपचार मागे पडला. घरात रोज असलेली वस्तू निरुपद्रवीच असणार, हे गृहीतक तपासून घ्यावे लागते, हे या प्रकरणातून फार स्पष्ट दिसते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मोज्यांची टंचाई झाली, तेव्हा काही स्त्रियांनी चहाच्या पाण्याने पाय रंगवून मोज्यांचा भास निर्माण केला. त्या वेळी चहाही माणशी आठवड्याला 2 औंस, म्हणजे सुमारे 56 ग्रॅम, इतकाच मिळत होता.

डोळ्यांवरचा उपचार मात्र चहाच्या पिशवीशिवाय रूढ होणे कठीण होते. रोबर्टा लॉसन आणि मेरी मॅकलॅरन यांना 1903 मध्ये एका कपापुरती पत्ती धरणाऱ्या जाळीदार कापडी पिशवीचे पेटंट मिळाले. पुढे कागदी पिशव्या यंत्रावर बनू लागल्या आणि चोथा सांडल्याशिवाय पापणीवर ठेवता येऊ लागला. कॅफीन रक्तवाहिन्या आकुंचित करते हे खरे. तरी सूज उतरण्याचे बरेचसे श्रेय गारव्याला द्यावे लागते.

हिरव्या चहाची आजची प्रतिष्ठा त्यातील कॅटेचिन नावाच्या द्रव्यांमुळे आहे. जपानी संशोधक मिचियो त्सुजिमुरा यांनी 1929 मध्ये हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे केले. 2006 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हिरव्या चहाच्या अर्कापासून बनवलेल्या मलमाला जननेंद्रियांवरील चामखिळींसाठी मान्यता दिली. त्या मलमात अर्काचे प्रमाण ठरलेले असते आणि तो टिकावा याची तजवीज केलेली असते. घरी वाटीत ठेवलेला चहा काही तासांत तपकिरी होतो, कारण हवेच्या संपर्काने त्यातील कॅटेचिने बदलू लागतात, आणि त्यात परिरक्षक नसल्यामुळे जंतूही वाढू शकतात. डोळ्यांजवळ ठेवायची पिशवी म्हणूनच ताजी, उकळत्या पाण्यात बुडवून पूर्ण गार केलेली आणि एकदाच वापरायची असावी.