सरबताची टपरी आणि वळीव: धंद्याच्या खेळांची पार्श्वभूमी

हातखंब्याच्या तिठ्यावर मे महिन्यात कोकम सरबताची टपरी लावणाऱ्याला सकाळीच तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. माल किती भरायचा, ग्लासाला किती लावायचे आणि रस्त्यावर पाट्या किती ठोकायच्या. चौथी गोष्ट त्याच्या हातात नसते. दुपारी वळीव कोसळला की बर्फही गेला आणि गिऱ्हाईकही. धंद्याच्या संगणकीय खेळांचा साचा एवढाच आहे. तो इतक्या नेमकेपणाने पहिल्यांदा बसवला अमेरिकेतल्या मिनेसोटात बॉब जेमिसन यांनी, 1973 मध्ये, शाळकरी मुलांसाठी. खेळाचं नाव 'लेमोनेड स्टँड'. पुढे 1979 मध्ये तो ॲपल टू संगणकावर आला आणि घराघरांत पोचला.

या खेळाचं पोट उघडून पाहण्यासारखं आहे, कारण आत फार थोडी गणितं आहेत. साधारण उन्हाच्या दिवशी दहा सेंट भाव लावला तर 30 ग्लास खपतात. भाव दुप्पट केला की खप सात-आठांवर येतो, पण निम्मा केला तर 42 वरच अडतो. म्हणजे महाग विकण्याची शिक्षा मोठी आणि स्वस्त विकण्याचं बक्षीस लहान. पाटी 15 सेंटला. पहिली पाटी खप चांगला वाढवते, दुसरी त्याहून कमी, तिसरी आणखी कमी. पाट्यांचं जंगल उभं केलं तरी खप दुपटीच्या पुढे जात नाही. कडक उन्हाळा असला की तोच खप दुप्पट, आणि वादळी पाऊस आला की शून्य. केलेलं सगळं सरबत वाया. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे कुणी समजावून सांगत नाही. दोन दिवस बुडाला की त्याला ते आपोआप कळतं.

जेमिसन यांच्याआधीही पायवाट होती. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने 1956-57 च्या सुमारास नौदलाच्या युद्धखेळांवरून कल्पना घेऊन कंपन्यांच्या साहेबांसाठी संगणकावरचा निर्णयखेळ केला होता. पण मला जास्त जवळचा वाटतो तो 1964 चा 'सुमेरियन गेम'. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर काउंटीत मेबल ॲडिस या प्राथमिक शिक्षिकेने तो रचला आणि आयबीएमच्या विल्यम मॅके यांनी प्रोग्रॅम लिहिला. मूल प्राचीन सुमेरमधल्या (आजच्या इराकमधल्या) लगश नगरीचा राजा होतं आणि धान्याचे वाटे पाडतं: खायला किती, पेरायला किती, साठवायला किती. याच कल्पनेवरून डग डायमंट यांनी 1968 मध्ये छोटा खेळ लिहिला. तो पुढे 'हमुराबी' नावाने गाजला. त्यात राज्य दहा वर्षांचं. माणशी वीस बुशेल (धान्य मोजायचं माप) धान्य लागतं, एक बुशेल बियाणं दोन एकराला पुरतं, मध्येच उंदीर कोठार फस्त करतात, मध्येच साथ येऊन निम्मी प्रजा जाते. बियाण्याची कणगी फोडायची नाही, हे कोकणातल्या भातशेतीत कुणाला शिकवावं लागत नाही. तिथे ते टेलिप्रिंटरवर शिकवलं जात होतं.

आपल्याकडे तोवर हा सगळा प्रांत मे महिन्याच्या सुट्टीत पडवीत मांडलेल्या 'व्यापार'च्या पटाचा होता. त्याचं मूळ लिझी मॅगी यांनी 1904 मध्ये पेटंट घेतलेल्या जमीनदारीच्या खेळात आहे. जमीनदार भाड्यावर कसा गबर होतो, हे दाखवायला बाईंनी तो केला होता. आम्ही मात्र गबर होण्यासाठीच खेळायचो, आणि भांडायचोही त्यावरूनच.

सरबताच्या टपरीत एक मोठी सोय आहे: भाव तुम्ही लावता. कोकणातल्या बागायतदाराला ही सोय नाही. म्हणून 1983 चा 'म्यूल' मला या सगळ्या वंशावळीतला सर्वांत शहाणा खेळ वाटतो. डॅनी बंटन यांच्या चमूने तो अटारी संगणकासाठी केला. चार खेळाडू एका परग्रहावर वसाहत करतात, अन्न, ऊर्जा आणि खनिज काढतात आणि दर फेरीला लिलावाला उभे राहतात. विकणारा पडद्यावर वरून खाली उतरतो, घेणारा खालून वर चढतो. दोघं जिथे भेटतात तो भाव. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच ओळखू येईल. तिथेही सगळं उघड्यावर, बोली सगळ्यांच्या कानावर. याउलट वाशीच्या फळबाजारात वर्षानुवर्षं हापूसचे सौदे रुमालाखाली बोटं दाबून होत आले. तिसऱ्याला भाव कळत नाही, आणि पेटी ज्याची त्याला तर नाहीच.

'म्यूल'मध्ये आणखी एक खोच आहे. संकटं नशिबाने येतात, पण शेवटच्या क्रमांकावर असलेल्यावर वाईट संकट कधीच येत नाही, आणि पहिल्या क्रमांकावर असलेल्याला फुकटचं घबाड कधी मिळत नाही. चौघांनाही शेवटपर्यंत खेळात रस राहावा म्हणून केलेली ही लबाडी आहे. आंब्याच्या मोहोरावर पडणारी थ्रिप्स ही बारीक कीड असा हिशेब पाहून बागेत शिरत नाही.

1989 ला 'सिमसिटी' आला आणि एका टपरीऐवजी अख्खं शहर चालवता येऊ लागलं. त्यामागे जे फॉरेस्टर या अमेरिकन अभ्यासकाचा शहरांच्या वाढ-घटीचा अभ्यास होता. पुढच्याच वर्षी सिड मायर यांचा 'रेलरोड टायकून'. रोखे विकून पैसा उभा करा, रूळ टाका, मालाची ने-आण करा. योगायोग असा की त्याच 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि त्यानेही लोकांना रोखे विकून पैसा उभा केला. खेळात चढ आला की थोडे पैसे जास्त पडतात, एवढंच. इथे नव्वदहून अधिक बोगदे लागले, एकट्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, आणि पूर्ण मार्गावर गाडी धावायला 1998 उजाडलं. बोगद्यात ढासळणाऱ्या ओल्या मातीचं बटण त्या खेळात नव्हतं.

यानंतर वळण येतं ते फोनचं आणि फुकट खेळांचं. 2009 च्या 'फार्मव्हिल'मध्ये स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची. वेळेवर परत आलं नाही तर पीक सुकायचं, म्हणून लोक जेवणं टाकून शेत कापायला बसत. पुढे वाट पाहणं हाच विकायचा माल झाला: थांबायचं नसेल तर पैसे टाका. आणि 2014 मध्ये 'ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट' आला, त्याची सुरुवात पुन्हा लिंबू सरबताच्या टपरीपासूनच. फक्त आता पाऊस नाही, उरलेला माल नाही, भावही लावायचा नाही. बोट टेकवा, पैसे येतात. मॅनेजर नेमा, तुम्ही झोपलात तरी येतात. बुडण्याची सोयच काढून टाकलेली. एक्केचाळीस वर्षांत त्याच टपरीवरून वळीव गायब झाला, आणि माझ्या मते या खेळांच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे.

गंमत म्हणून मी हापूसच्या खेळाचा आराखडा कागदावर मांडून पाहिला. डिसेंबरात मोहोर, मग तुडतुडे आणि फवारण्यांचा खर्च. फेब्रुवारीतली पहिली पेटी सोन्याच्या भावाने, मेअखेरचा माल कॅनिंगला किलोवर. भाव लावण्याचं बटण खेळाडूला द्यायचंच नाही. त्याच्या हातात फक्त काढणी कधी आणि माल कुठे पाठवायचा. दलालाची उचल आधीच घेतलेली, त्यामुळे 'कुठे' हाही प्रश्न तसा नावालाच. पैसे किती सुटले ते पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, आल्यावर कळणार, हमाली, तोलाई, आडत वजा होऊन. खेळ म्हणून हे फार कठोर होईल अशी मला भीती वाटली.

देवगडच्या एका ओळखीच्या बागायतदाराला तो कागद दाखवला. त्याने चष्मा चढवून तो नीट वाचला, पट्टीपाशी मान हलवली, आणि कागद परत देताना म्हणाला, "ह्यां सगळां बरां हा. पण माकडां खंय आसत?"

हमुराबीत निदान उंदीर तरी होते.