नभोवाणी माहितीपट : विषयक्षेत्र

प्रत्यक्षातील माणसे, घटना वा स्थळे यांचे खऱ्या आवाजांतून घडवलेले श्राव्य चित्रण. ‘पट’ हा शब्द पडद्याचा. नभोवाणीत ‘रूपक’ (फीचर) ही संज्ञा जुनी व अधिक रुळलेली आहे. मात्र रूपकात लिहिलेले संवादही चालतात, माहितीपटात बोलणारा माणूस खरा असावा लागतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. काहीजण जर्मन चित्रपटकार वाल्टर रुटमान यांच्या ‘वीकेंड’पासून (१९३०) आरंभ मानतात. बोलपटाच्या ध्वनिपट्टीवर मुद्रित केलेल्या या सुमारे ११ मिनिटांच्या ध्वनिसंकलनात निवेदन नाही. इतरांच्या मते बीबीसीची रूपके हा खरा उगम. तेथे निर्मात्या ऑलिव्ह शॅप्ली यांनी १९३८-३९ च्या सुमारास मुद्रणाची मोटारगाडी नेऊन बेघरांना आणि खाणकामगारांच्या बायकांना त्यांच्याच बोलीत बोलते केले. विषयांपुरते पाहिल्यास हाच प्रवाह अधिक फळला, असे दिसते.

विषयांची व्याप्ती बरीचशी यंत्राने ठरवली. तबकडीवर मुद्रण करणारी यंत्रे जड असल्याने लोकांचे बोलणे अनेकदा टिपून, संहिता करून वाचले जाई. १९५० च्या दशकात हाती नेण्याजोगे फीतमुद्रक आले आणि माजघरापासून खाणीपर्यंत सारे खुले झाले. बीबीसीच्या ‘रेडिओ बॅलड्स’ मालिकेच्या (१९५८–६४) आठ भागांत रेल्वे, रस्तेबांधणी, हेरिंगची मासेमारी, कोळसाखाणी, पोलिओ, किशोरवय, मुष्टियुद्ध व भटके लोक हे विषय येतात. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६७ मध्ये कॅनडाच्या उत्तरेतील एकांत हाताळताना अनेक आवाज एकावर एक गुंफले. जर्मन नभोवाणीकार पेटर लेओनहार्ट ब्राउन यांनी १९७३ मध्ये युरोपातील घंटा हा विषय घेतला.

चित्रकला किंवा वास्तू हे विषय अवघड, पण वर्ज्य नव्हेत. वर्णनाऐवजी छिन्नी चालवणारा हात ऐकवावा लागतो. बोलणाऱ्याच्या तोंडापासून ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) वीतभर अंतरावर, किंचित तिरका धरतात. समोर धरल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. प्रत्येक जागी कोणी न बोलता ३० ते ६० सेकंद नुसती शांतता मुद्रित करतात. संकलनात दोन वाक्यांच्या मधली फट तीच भरते. फ्रीज किंवा पंखा चालू राहिला, तर काटलेल्या जागी घरघर दचके खाते. मागे गाणे वाजत असेल, तर ते मुद्रण जवळजवळ वायाच.

तुरुंग, व्यसन, कौटुंबिक हिंसा अशा विषयांत चेहरा न दिसणे हा मोठा आधार ठरतो. नाव बदलून मात्र भागत नाही, कारण ओळखीची माणसे आवाजच ओळखतात. स्वर यंत्राने खाली-वर केला तर तो कृत्रिम होतो आणि लवकरच कानाला नकोसा वाटतो. म्हणून तेवढा मजकूर, तशी स्पष्ट सूचना देऊन, दुसऱ्याकडून वाचून घेतात.