मुलाम्याची गोळी की कवचाची? मॅग्नमसाठी काडतुसे भरताना

अमेरिकेत घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या (म्हणजे पितळी केसमध्ये, काडतुसाच्या नळकांड्यात, बंदुकीची दारू आणि गोळी बसवून स्वतःच काडतूस तयार करणाऱ्यांच्या) टेबलावर प्लेटेड आणि जॅकेटेड गोळ्या शेजारी ठेवल्या, तर दोन्ही सारख्याच तांबूस चमकतात आणि नवखा माणूस हमखास फसतो. (गोळी म्हणजे इथे फक्त नळीतून बाहेर पडणारा धातूचा तुकडा, मराठीत आपण अख्ख्या काडतुसालाही गोळीच म्हणतो.)

प्लेटेड गोळी म्हणजे मऊ शिशावर विजेच्या साहाय्याने चढवलेला तांब्याचा मुलामा, आणि तो बहुधा इंचाच्या काही हजारांश भागांइतकाच जाड असतो. जॅकेटेड गोळीत तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे, त्याहून बरेच जाड कवच असते आणि शिसे त्यात दाबून बसवलेले असते. ओळखायचे तर गोळी सगळीकडून निरखावी: मुलामा तळासकट सर्वत्र असतो, तर कवचाच्या गोळीत तळाशी किंवा टोकाशी शिसे बहुधा उघडे दिसते.

साध्या .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात हा फरक फारसा जाणवत नाही. १९३५ साली आलेल्या .३५७ मॅग्नम या त्याहून जोरदार काडतुसात मात्र १५८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे माप) गोळी सेकंदाला १२०० फुटांच्या पुढे सहज जाते, आणि अनेक साध्या प्लेटेड गोळ्यांची निर्मात्याने घालून दिलेली वेगमर्यादा याच्याच आसपास संपते. त्यापुढे नळीतील आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, मुलामा फाडू लागतात आणि नेम बिघडतो.

माझ्या मते खरी अडचण क्रिंपची, म्हणजे केसची कड गोळीवर वळवण्याची आहे. मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने चक्रात उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकतात आणि एखादी बाहेर डोकावली की चक्र अडकते; म्हणून पितळी केसची कड गोळीवर घट्ट वळवावी लागते. जॅकेटेड गोळीवर त्यासाठी बारीक दात्यांची खाच असते. बहुतेक प्लेटेड गोळ्यांवर ती नसते, आणि तरीही कड जोर लावून वळवली, तर गोळी पुन्हा उपसून पाहिल्यावर तांब्यावर कापल्याची गोल रेघ आणि तिच्यात करडे शिसे स्पष्ट दिसते.

हलक्या सरावासाठी प्लेटेड गोळी स्वस्त आणि पुरेशी आहे. फक्त तिला मानवावी म्हणून एच-११० सारख्या सावकाश जळणाऱ्या दारूचे प्रमाण भारणीच्या कोष्टकात दिलेल्या किमानाखाली कधीही आणू नये. ती दारू कमी पडली तर नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकून पुढच्या बाराला नळी फुटू शकते. हलक्या भारणीसाठी दारूच वेगळी, लवकर जळणारी घ्यावी आणि प्रमाण त्या गोळीच्या निर्मात्याच्या कोष्टकातूनच उचलावे.