वर्म गिअर

वर्म गिअर : एकमेकांना न छेदणाऱ्या आणि बहुधा काटकोनात असलेल्या दोन शाफ्टांमध्ये गती पोहोचवणारी दंतचक्रांची जोडी. जोडीतला एक भाग स्क्रूसारखा, अंगावर आटे असलेला असतो, तो वर्म. त्याच्या आट्यांत दाते अडकून फिरणारे चक्र म्हणजे वर्म व्हील. साध्या गिअरमध्ये दाता दात्यावरून बराचसा लोळत जातो, इथे तो जवळजवळ पूर्ण वेळ घासत सरकतो. या जोडीचे बहुतेक गुण आणि जवळपास सगळी दुखणी या घासण्यातूनच येतात, त्यामुळे निवड करतानाही लक्ष तिथेच ठेवावे लागते.

वर्मवर एकच आटा गुंडाळलेला असेल, म्हणजे तो सिंगल स्टार्ट असेल, तर त्याच्या एका फेऱ्यात चक्र एक दाता पुढे सरकते. चक्राला ४० दाते असले की गुणोत्तर ४०:१ झाले. तेच चक्र डबल स्टार्ट वर्मवर चालवले तर २०:१. वर्मचा व्यास या हिशोबात कुठेच येत नाही. एका टप्प्यात साधारण ५:१ पासून १००:१ पर्यंतची गुणोत्तरे मिळतात. साध्या दात्यांच्या गिअरनी ४०:१ गाठायला दोन-तीन जोड्या लावाव्या लागतात.

गतीतली हीच घट बारीक मोजमापालाही कामी येते. मिलिंग मशीनवरच्या नेहमीच्या इंडेक्सिंग हेडमध्ये, म्हणजे काम ठरावीक कोनातून फिरवणाऱ्या जोडणीत, हँडलचे ४० फेरे झाले की कामाचा एक फेरा होतो, म्हणून २० दात्यांचा गिअर कापताना दर दात्याला हँडल बरोबर दोनदा फिरवायचे. याचे फार सुंदर उदाहरण म्हणजे जेसी रॅम्सडेन या इंग्लंडमधल्या उपकरणकर्त्याचे विभाजन यंत्र, म्हणजे उपकरणांवर अंशांच्या खुणा आखणारे यंत्र. त्याचे वर्णन १७७७ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या चक्राच्या कडेवर २१६० दाते होते, त्यामुळे स्क्रूच्या एका फेऱ्यात चक्र १० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरके आणि सहा फेऱ्यांत बरोबर एक अंश. सेक्स्टंट या कोन मोजण्याच्या नौकानयनातल्या उपकरणावरच्या खुणा यानंतर कसबी हाताच्या भरवशावर राहिल्या नाहीत.

गुणोत्तर एकदा ठरले की खरा प्रश्न आट्याच्या कलाचा, म्हणजे लीड अँगलचा. कल कमी तर घर्षण जास्त खाणार. घर्षणांक ०.०५ धरला, तर ५ अंश कलाच्या वर्मची कार्यक्षमता सुमारे ६३ टक्के येते. कल २० अंश केला तर तीच सुमारे ८६ टक्क्यांवर जाते. मोठे गुणोत्तर हवे म्हणून सिंगल स्टार्ट घेतला की कल आपोआप घटतो आणि शक्तीचा मोठा वाटा उष्णतेत जातो. मोटर सुरू होताना तर घर्षण आणखी जास्त असते, म्हणून सुरुवातीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वेगळा तपासावा.

कल घर्षणकोनापेक्षा (ज्या कोनाचा टॅन्जंट घर्षणांकाइतका असतो त्यापेक्षा) कमी असेल तर चक्राकडून जोर लावून वर्म फिरवता येत नाही. याला सेल्फ-लॉकिंग म्हणतात. गिटारची तार ताणून ठेवणाऱ्या खुंटीत हा गुण अगदी चोख काम करतो. पण वजन उचलण्याच्या यंत्रात त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. कंपने आली, वंगण चांगले मुरले, पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला की घर्षण घटते आणि लॉक समजलेली जोडी हळूहळू उलटी फिरू लागते. लिफ्टच्या वर्म मशीनलाही स्वतंत्र ब्रेक असतोच. भार खाली येऊन माणसाला इजा होण्याची शक्यता असेल तिथे ब्रेक लावायलाच हवा, कॅटलॉगमध्ये काहीही लिहिलेले असो.

आता एक हिशोब. १.५ किलोवॉटची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर ४०:१ च्या गिअरबॉक्सला जोडली. बाहेरचा शाफ्ट मिनिटाला ३६ फेरे करेल. मोटरचा टॉर्क सुमारे १० न्यूटन-मीटर, म्हणून ४०० मिळतील असे वाटते. कार्यक्षमता ७० टक्के असेल तर हाती सुमारे २८० येतात. उरलेले ४५० वॉट गिअरबॉक्सच्या अंगातच उष्णता होऊन साठतात आणि पंख्याने किंवा खोक्यावरच्या फिन्सनी ती बाहेर टाकावी लागते. म्हणून कॅटलॉगमध्ये दोन क्षमता दिलेल्या असतात : दाते किती भार सोसतील ती यांत्रिक क्षमता, आणि तेलाचे तापमान मर्यादेत ठेवून किती शक्ती जाऊ शकते ती औष्णिक क्षमता. दिवसभर अखंड चालणाऱ्या कन्व्हेयरला बहुधा दुसरीच आधी आड येते. दोन मिनिटे चालून थांबणाऱ्या गेटला ती अडचण क्वचितच येते. नुसते गुणोत्तर आणि मोटरची शक्ती सांगून गिअरबॉक्स मागवणे म्हणूनच अपुरे. रोज किती तास चालणार, झटके किती, भोवतालचे तापमान किती, हे सांगितल्याशिवाय योग्य साइज निघत नाही.

घासणे सोसावे म्हणून दोन्ही भाग वेगळ्या धातूंचे करतात. वर्म कठीण पोलादाचा, ग्राइंडिंग केलेला. चक्राची कडा फॉस्फर ब्राँझची. झीज झालीच तर ती मऊ ब्राँझची व्हावी आणि बदलायला चक्र लागावे, असा त्यात विचार आहे. मंद गतीला बिडाचे आणि हलक्या कामाला नायलॉनचे चक्रही चालते. तेल जाड लागते, आयएसओ व्हीजी या दाटपणाच्या मापात ४६० किंवा ६८० दर्जाचे. साध्या गिअरसाठीच्या काही ईपी (जबर दाब सोसणाऱ्या) तेलांतला सक्रिय गंधक ब्राँझला खातो, तेव्हा तेल ब्राँझला चालते का हे विचारूनच भरावे. पॉलिग्लायकॉल तेल घर्षण बरेच कमी करते, पण खनिज तेलात मिसळू नये.

अचूक यंत्रांत बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, हीही महत्त्वाची. त्यासाठी ड्युप्लेक्स वर्म मिळतात. त्यांच्या आट्याची जाडी एका टोकाकडून दुसरीकडे वाढत जाते, त्यामुळे वर्म अक्षावर थोडा सरकवला की ढिलाई भरून निघते. वर्मवर अक्षाच्या दिशेने मोठा रेटा येतो, म्हणून तिथे टेपर रोलर किंवा अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग असते आणि त्याचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच दिलेला दाब, नीट हवा.

जोडणी तपासायची पद्धत जुनी आणि भरवशाची : वर्मला निळे मार्किंग लावून हाताने फिरवायचे आणि दात्यांवर ठसा कुठे उमटतो ते पाहायचे. दाता ज्या बाजूने आट्यातून बाहेर पडतो, त्या बाजूकडे ठसा थोडा झुकलेला असावा. मग आत शिरणाऱ्या बाजूला फट राहते आणि तेल तिथून आत ओढले जाते. ठसा शिरण्याच्या बाजूला आला तर चक्र शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून आडवे सरकवावे आणि पुन्हा पाहावे. ठसा बरोबर आल्यावर गिअरबॉक्स काही तास कमी भारावर चालवून पहिले तेल लवकर बदलतात, कारण दाते एकमेकांना बसताना ब्राँझचा बारीक चुरा त्या तेलात उतरलेला असतो.