टांकसाळीतला दोष की बाहेरचा घाव? ‘लखी’ नाण्यांची पार्श्वभूमी

गोव्यातल्या जुन्या घरातला चिल्लरीचा डबा उपडा केला तर एकाच ढिगात तीन राजवटी निघतात: ब्रिटिश हिंदुस्थानचे आणे-पैसे, पोर्तुगीज तांगा नि रुपिया, आणि मुक्तीनंतर आलेले नवे पैसे. नाणी जमवायला नुकती सुरुवात केलेला माणूस त्यातून ‘विचित्र’ दिसणारी, टांकसाळीतलाच दोष (त्यातलाच एक ‘लखी’) समजून, वेगळी काढतो आणि तिथेच फसतो. एका टांकसाळीत जे नेहमीचे, ते दुसरीच्या नाण्यावर दोष ठरते.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्याच वर्षी इथे नाणी पाडायला सुरुवात केली. त्यानंतरची दोन-तीनशे वर्षे एरर, म्हणजे टांकसाळीतच दोष राहिलेले नाणे, शोधणाऱ्याच्या फारशा कामाची नाहीत. नाणे हातोड्याच्या घावाखाली तयार होई, चकतीला बाहेरून आवळून धरणारी कॉलर नसे. त्यामुळे बझारुक या तिथल्या जुन्या हलक्या नाण्यावरचे चित्र सरकलेले, काठ फाटलेला, अर्धी अक्षरे बाहेर, हे सगळे रोजचेच. त्याला दोष म्हणणे म्हणजे हाताने थापलेली भाकरी परकाराने काढल्यासारखी गोल नाही म्हणून तक्रार करणे. दोष खरा कधी झाला? १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८१-८२ ची रुपिया आणि तिची खुर्दा नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत यंत्रावर पाडली गेली, तेव्हा. वजन ब्रिटिश रुपयाइतकेच, ११.६६ ग्रॅम, काठ एकसारखा. या नाण्यावर ठसा सरकलेला दिसला तर मात्र थांबून पाहावे.

चांदीच्या रुपयांवर आणि रुपियांवर दोन खुणा नवख्याला हमखास चकवतात. एक, सराफाचा छाप: चांदी खरी की खोटी हे पाहताना मारलेले बारीक फूल, चांदणी किंवा अक्षर. ‘दोनदा छापलेले नाणे’ म्हणून ते विकले जाते. दुसरी, पुतळीसारखे गळ्यात घालण्यासाठी लावलेल्या कडीचा टाका. कडी काढली की वरच्या काठावर धातूचा गोळा राहतो आणि तो ठशाचा तुकडा उडाल्याने आलेल्या उंचवट्यासारखा दिसतो. फरक असा की टाक्याचा रंग नाण्याच्या रंगाशी जुळत नाही आणि त्याखाली काठाचे दाते बुजलेले असतात.

गोव्यापुरता सगळ्यात मोठा सापळा ठशाच्या दिशेचा. लिस्बनहून आलेली १९५८-५९ ची सेंताव्ह-एस्कुद (पोर्तुगीज चलनाची) नाणी छाप्याकडून खालून वर पलटली तर काटा सरळ दिसतो. पानासारखी उजवीकडून डावीकडे उलटली तर काटा डोक्यावर उभा. भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांचे नेमके उलट: पानासारखी उलटली की काटा सरळ. भारतीय नाण्यांवर हात बसलेला माणूस एस्कुद तसाच उलटतो आणि १८० अंशांची ‘फिरलेली डाय’ (डाय म्हणजे चित्र उमटवणारा ठसा) सापडली म्हणून नाचतो. भारतीय नाण्यात खरोखर फिरलेली डाय मिळते. ती मोजायची रीत सोपी: नाणे अंगठा आणि तर्जनीत घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरावे, आडवे फिरवावे, काट्याचा वरचा बिंदू कुठे गेला ते पाहावे. पाच-दहा अंशांचा झोल यंत्रात चालतोच. त्याला कोणी पैसे मोजू नयेत.

दोषांची आजची वर्गवारी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी संग्राहकांनी रूढ केली: चकतीचा दोष, डायचा दोष, ठोक्याचा दोष. भारतात ती आली, पण तिच्याआधी इथे एक देशी शब्द होता आणि गोंधळ तिथे सुरू होतो. तो शब्द म्हणजे ‘लखी’. लाखात एखादे निघते म्हणून लखी, ही बाजारातली व्युत्पत्ती. मूळ अर्थ अगदी नेमका आहे. यंत्रातून पाडलेले नाणे बाहेर न पडता एका डायला चिकटून राहते. पुढची चकती येते, ठोका बसतो; पण त्या बाजूला आता डाय नसून चिकटलेले नाणे असते. त्यामुळे नव्या नाण्याच्या एका बाजूला छापा उठावाचा व सुलटा येतो आणि दुसऱ्या बाजूला तोच छापा खोलगट व आरशातल्यासारखा उलटा. काटा मुळी छापलाच जात नाही. ही लखी.

आता मात्र विक्रेते काहीही लखी म्हणून खपवतात: सरकलेला ठोका लखी, दोन डाय रिकाम्या एकमेकींवर आदळल्याने आलेली फिकट बाह्यरेषा लखी, दोन्हीकडे छापा असलेले ‘शोले’छाप नाणेही लखी. शेवटचे तर बहुतेक वेळा लेथवरचे काम. एक नाणे आतून कोरून दुसऱ्याची चकती त्यात बसवतात. जोड काठाच्या आतल्या कडेला असतो. दहापट भिंगाखाली नख फिरवले तर लागतो, आणि फरशीवर टाकल्यावर नाणे खणखणत नाही, ठपकन वाजते. शब्द सैल झाला की भावही सैल होतो, आणि तोटा नवख्याचाच. लखी हा शब्द फक्त खोलगट-उलट्या छाप्यापुरताच राखावा, हे मत इथे लपवण्यात अर्थ नाही.

खरी लखी आणि बनावट, म्हणजे व्हाइसमध्ये (शेगड्यात) दाबून बनवलेली, यांत फरक करायच्या चार जागा आहेत. पहिली आणि सगळ्यात भरवशाची: खोलगट बाजूवर काट्याचा मागमूसही नसावा. दोन तयार नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळली की मूळ काटा पुरता मरत नाही. खोलगट चेहऱ्याच्या मागून अंकाची किंवा कणसाची कड डोकावते. दुसरी: उठावाची बाजू. खऱ्या लखीत ती डायने ठोकलेली असते, त्यामुळे धारदार. दाबकामात ती व्हाइसच्या जबड्याला टेकलेली असते, म्हणून चपटलेली आणि चकाकणारी. कातडे घालून दाबले तर ही खूण कमी होते, पण संपत नाही. तिसरी: काठ. दाबकामात नाणे बाहेर पसरते, काठाचे दाते फुगतात किंवा झोपतात. चौथी: साल. चिकटलेले नाणे त्याच यंत्रातले, त्यामुळे दोन्हीकडे साल असेल तर जुळायलाच हवे. एक अपवाद लक्षात ठेवावा. चिकटलेले नाणे ठोके खात पसरत जाते, म्हणून नंतरच्या लखींमध्ये खोलगट चेहरा मोठा आणि पुसट होत जातो. पुसट आहे म्हणून लगेच खोटी ठरवू नये.

१९८० च्या दशकातल्या नाणेटंचाईने दुसरा गोंधळ आणला. सरकारने परदेशात नाणी पाडून घेतली. १९८५ च्या रुपयावर बर्मिंगहॅमच्या टांकसाळीचे ‘एच’ अक्षर आहे, तर १९९० च्या दशकाच्या शेवटी मेक्सिको, मॉस्को, प्रिटोरिया इथल्या खुणा आल्या. ज्याला फक्त मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा आणि नोएडाचा ठिपका माहीत, त्याला या खुणा चुका वाटतात. सालाखाली काहीच नाही म्हणून ‘खूण राहिलेले’ नाणेही एरर नव्हे, ते कोलकात्याचे.

खरा सुकाळ १९९२ नंतरचा. रुपया कप्रोनिकेलचा (तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा) जाऊन स्टेनलेस स्टीलचा झाला: ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर. स्टील कठीण, त्यामुळे डाय लवकर थकते, तडकते, आणि चिल्लरीतून आजही डाय-तडा असलेले रुपये निघतात. तडा आणि ओरखडा यांतला फरक एकाच वाक्यात बसतो: डाय तडकली की फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर रेघ उठावाची येते, ओरखडा नेहमी खोल. नखाने कळत नसेल तर दिवा बाजूने तिरपा धरावा.

या काळातल्या नाण्यांना वजनकाटा आणि चुंबक पुरते. वजनकाटा ०.०१ ग्रॅमचा हवा, स्वयंपाकघरातला नको. ११ बाजूंचे दोन रुपयांचे कप्रोनिकेल नाणे (६ ग्रॅम, १९९२-२००४) चुंबकाला चिकटले आणि वजन ४.८५ च्या आसपास आले, तर ते रुपयाच्या चकतीवर पडले असावे. पाच रुपये २००७ मध्ये स्टीलचे आणि २००९ पासून पितळी झाले, वजन दोन्हींचे ६ ग्रॅम. तिथे वजनकाटा काही सांगत नाही, चुंबक सांगतो. सोनेरी मुलामा दिलेले स्टीलही असेच उघडे पडते. आम्लात टाकून पातळ केलेले नाणे वजनाला कमी भरते, पण त्याची अक्षरे ओल्या साबणासारखी गुळगुळीत होतात. अक्षर तीक्ष्ण आणि वजन कमी, तर चकतीच पातळ होती.

काठ कापलेल्या नाण्यात नजर कापापेक्षा त्याच्या समोरच्या काठावर न्यावी. चकतीचा काठ उचलणारे यंत्र दोन्हीकडून दाब देते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरचा काठ नीट उठत नाही आणि तिथे तो पुसट किंवा सपाट राहतो. कानस लावून काप करणाऱ्याला हे साधत नाही. शिवाय खऱ्या कापाजवळची अक्षरे कापाकडे ओढल्यासारखी ताणलेली असतात. कानशीची अक्षरे मध्येच तोडलेली.

दहा रुपयांच्या द्विधातू नाण्यांनी बाजार पुन्हा ढवळला. २००५ साल असलेली पहिली नाणी ५.६२ ग्रॅमची, २०११ पासूनची ७.७१ ग्रॅमची, व्यास दोन्हींचा २७ मिलिमीटर. नुसत्या वजनावरून एकाला ‘हलके एरर’ ठरवणारे बरेच. नाण्यावर किरणांच्या १५ रेषा की १० रेषा, या वादात तर दुकानदार नाणी परत करू लागले. जानेवारी २०१८ मध्ये मध्यवर्ती बँकेला सांगावे लागले की १४ नमुने आहेत आणि सगळे चलनी आहेत. नमुना वेगळा म्हणजे दोष नव्हे. आतली चकती काढून टाकलेले कडे ‘मधले राहिलेले’ म्हणून विकतात. टांकसाळीतच चकतीशिवाय ठोकलेल्या कड्यात धातू आतल्या भोकाकडे सरकलेला असतो, भोक वेडेवाकडे होते. बाहेर ठोकून काढलेल्याचे भोक स्वच्छ गोल.

मोबाइलवरच्या ‘वैष्णोदेवी नाण्याला लाखो’ छाप जाहिरातींनी पुढचा कहर केला. ती नाणी मुळात दोषी नाहीतच. ऑगस्ट २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने आपल्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध केले. चलनी नाणे मुद्दाम कापणे, वितळवणे हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, तरी गोव्यातल्या हणजूणच्या (अंजुना) बाजारात पर्यटकांपुढे पिळलेले रुपये मांडलेले असतात.

इथल्या हवेची एक गोष्ट वेगळी. पावसाळ्यात खारी दमट हवा जुन्या तांब्याच्या पाव तांगाला खड्डे पाडते आणि ते खड्डे चकतीचा पापुद्रा उडाल्यासारखे दिसतात. उडालेल्या पापुद्र्याची कड तुटक पण स्वच्छ असते. गंजाच्या खड्ड्यात हिरवी-काळी भुकटी भरलेली. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून येणारा चिकट हिरवा थर यापैकी काहीच नव्हे. तो ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून, न घासता, निघतो.