टूल वर्णन (एआय एजंटसाठी)

लँग्वेज मॉडेलवर चालणाऱ्या एजंटला एखाद्या सॉफ्टवेअरचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने ते वापरायचा मार्ग) वापरता यावा म्हणून त्यातील प्रत्येक क्रियेविषयी, म्हणजे टूलविषयी, लिहिलेला मजकूर. त्याचे तीन भाग असतात : टूलचे नाव, ते काय करते हे सांगणारे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची हे ठरवणारा जेसॉन स्कीमा. मॉडेल स्वतः एपीआयला हात लावत नाही. कोणते टूल कोणत्या मूल्यांनिशी चालवायचे एवढेच ते लिहून देते. प्रत्यक्ष कॉल एजंटचा प्रोग्रॅम करतो आणि आलेले उत्तर मॉडेलपुढे ठेवतो. टूलमागचा कोड आणि टीममधल्या जुन्या चर्चा मॉडेलला सहसा दिसत नाहीत. नव्या डेव्हलपरला शेजारी विचारून जे कळते, ते इथे वर्णनातच यावे लागते.

ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या एपीआयमध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलकरवी टूल चालवण्याची सोय, आणले. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी), म्हणजे मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याची सामाईक पद्धत, खुला केला आणि एकाने लिहिलेले टूल दुसऱ्याच्या एजंटला जोडणे सोपे झाले. त्यामुळे वर्णन लिहिणारा आणि एजंट चालवणारा यांची गाठ पडेलच असे नाही.

रिफंडच्या टूलचे उदाहरण. समजा वर्णन एवढेच आहे : ‘पेमेंटचा रिफंड करते.’ इनपुट दोन, ‘आयडी’ आणि ‘रक्कम’. माणसाला हे पुरेसे वाटते, पण यात चार ठिकाणी घात होतो. रेझरपेसारख्या पेमेंट एपीआयमध्ये रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत द्यावी लागते. मॉडेलने ५०० लिहिले तर ग्राहकाला ५०० रुपयांऐवजी ५ रुपये परत जातात, आणि ५०० हा आकडा वैध असल्याने एररही येत नाही. ‘आयडी’ ऑर्डरचा की पेमेंटचा हे कळत नाही. संभाषणात आधी जो दिसला तो मॉडेल उचलते. रक्कम रिकामी राहिली तर अनेक पेमेंट एपीआय संपूर्ण रक्कम परत करतात. आणि टाइमआउट झाला (वेळेत उत्तर आले नाही) की मॉडेल तोच कॉल पुन्हा करू शकते. पहिला कॉल आत पोहोचलेला असेल तर अंशतः रिफंड दोनदा होऊ शकतो.

सुधारलेले वर्णन असे :

> यशस्वी झालेल्या एका पेमेंटची पूर्ण किंवा अंशतः रक्कम ग्राहकाला परत करते. ही क्रिया मागे घेता येत नाही. किती रक्कम परत करायची हे ग्राहकाने स्पष्ट सांगितले असेल तरच वापरा. झालेल्या रिफंडची चौकशी असेल तर ‘रिफंड स्थिती’ हे टूल वापरा. फक्त पेमेंट आयडी चालतो. ऑर्डर क्रमांक असेल तर आधी ‘ऑर्डरची पेमेंट्स’ या टूलने पेमेंट आयडी मिळवा. रक्कम पूर्णांकात, पैशांत द्या (१ रुपया = १०० पैसे) : अडीचशे रुपयांसाठी २५०००. उत्तर आले नाही तर पुन्हा न चालवता आधी स्थिती तपासा.

यात टूल कधी वापरू नये हेही आले आहे, आणि नेमका तोच भाग बहुतेक वर्णनांत राहून जातो. मात्र ज्या टूलकडे बोट दाखवले ते एजंटला जोडलेले नसेल, तर मॉडेल नसलेले टूल चालवू पाहते.

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. रक्कम स्कीमात अनिवार्य करावी आणि त्या इनपुटचे नावच ‘रक्कम पैशांत’ ठेवावे. एका मर्यादेवरचा रिफंड माणसाच्या मंजुरीशिवाय होऊ नये ही अट सर्व्हरवर घालावी, आणि प्रत्येक रिफंडला वेगळी आयडेम्पोटन्सी की (विनंती ओळखण्याचा खास क्रमांक) जोडावी व पुन्हा प्रयत्न करताना तीच वापरावी, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तरी पैसे एकदाच जातात. नुसत्या वाक्याच्या भरवशावर पैशांचा व्यवहार सोडणे चूकच.

स्कीमा. ठरावीक पर्यायच चालत असतील तर ते एनममध्ये (मान्य पर्यायांच्या यादीत) बांधावेत. तारखेला वर्ष-महिना-दिवस हा क्रम सांगून एक नमुना द्यावा. नाहीतर ०४-०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल हे मॉडेल अंदाजाने ठरवते. वेळ कोणत्या टाइमझोनमधली हेही लिहावे. भारतात रात्री १२ ते पहाटे साडेपाच या काळात यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) आदलाच दिवस चालू असतो, त्यामुळे तेव्हा ‘आजच्या ऑर्डर’ मागितल्या की कालच्या येतात. काही मराठी वापरकर्ते मोबाइल नंबर देवनागरी अंकांत लिहितात; एपीआयला इंग्रजी अंक (0-9) लागत असतील तर तसे लिहावे, आणि सर्व्हरवरही ते बदलून घ्यावेत.

नाव आणि संख्या. नावात साधारणपणे रोमन अक्षरे, अंक, हायफन आणि अंडरस्कोर चालतात; कमाल लांबी बहुधा ६४. ‘शोधा’ आणि ‘मिळवा’ अशी दोन टूल शेजारी ठेवली तर निवड चुकते. ‘ग्राहक शोधा’, ‘ऑर्डर मिळवा’ असे (प्रत्यक्षात रोमन अक्षरांत) नावातच काय ते सांगावे. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्ये सुचवली आहेत, तर ओपनएआय एका वेळी २० पेक्षा कमी टूल ठेवायला सांगते. सहसा सगळी वर्णने प्रत्येक विनंतीबरोबर जातात : २०० टोकनांची (टोकन म्हणजे मॉडेल मजकूर मोजते तो तुकडा) ४० टूल म्हणजे कामाला सुरुवात होण्याआधीच ८,००० टोकन. देवनागरीला सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, हेही वर्णनाची भाषा ठरवताना धरावे.

एरर. एररचा मजकूरही मॉडेलच वाचते. ‘४०० बॅड रिक्वेस्ट’ एवढेच आले तर ते आंधळेपणाने मूल्ये बदलत बसते. ‘मागितलेली रक्कम शिल्लक रकमेपेक्षा जास्त, शिल्लक १८००० पैसे’ असे आले तर ते ग्राहकाला नेमके सांगू शकते.

सुरक्षा. मॉडेलच्या लेखी वर्णन ही सूचनाच असते, म्हणून परक्या एमसीपी सर्व्हरचे (टूल पुरवणाऱ्या प्रोग्रॅमचे) वर्णन धोक्याचे ठरू शकते. एआय सुरक्षेवर काम करणाऱ्या इन्व्हेरियंट लॅब्जने एप्रिल २०२५ मध्ये हा हल्ला ‘टूल पॉयझनिंग’ या नावाने दाखवून दिला : वर्णनात दडवलेला मजकूर मॉडेलला वापरकर्त्याच्या फाइल्स बाहेर पाठवायला सांगतो. मंजुरी देताना पूर्ण वर्णन वाचावे आणि नंतर ते बदलले तर मंजुरी पुन्हा घ्यावी.

चाचणी. वापरकर्ते बोलतात त्याच भाषेत वीस-तीस कामे लिहून एजंटला द्यावीत. त्यांत टूल अजिबात चालवायचे नाही अशीही काही असावीत. लॉगमध्ये चुकीचे टूल, चुकीचे मूल्य आणि विनाकारण कॉल वेगवेगळे मोजावेत. चुकीचे टूल निवडले गेले तर नाव आणि वापराची अट तपासावी. मूल्य चुकले तर इनपुटचे वर्णन. एका वेळी एकच वाक्य बदलून सगळी कामे पुन्हा चालवावीत. ‘हे टूल नेहमी वापरा’ असा जोर दिला की विनाकारण कॉल वाढतात. त्याऐवजी नेमकी अट लिहावी.